‘एल६, एस३, डब्ल्यू२’: वाळवंटी अशनीच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

सहारा किंवा ओमानच्या वाळवंटातल्या दगडी अशनीच्या (अंतराळातून पडलेल्या दगडाच्या) नोंदीत ‘एल६, एस३, डब्ल्यू२’ असं काहीसं लिहिलेलं असतं. यातला एकेक भाग वेगळ्या वेळी आला आहे.

त्याआधी, सापडलेला दगड अशनी आहे का हे चुंबक लावून पाहणाऱ्या मुंबईकरांसाठी एक गोष्ट. इथला काळा दगड म्हणजे बहुधा दख्खनचा बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असल्यामुळे तोही चुंबकाकडे ओढला जातो, तेव्हा चुंबकाच्या भरवशावर राहू नये. शिवाय जोरदार चुंबक लावला की खऱ्या अशनीतली मूळ चुंबकीय नोंद कायमची पुसली जाते. बारीक छिद्रं किंवा झिओलाइट या खनिजाचे पांढरे ठिपके दिसले, तर दगड इथलाच समजा.

‘काँड्राइट’ हे नाव १८६०च्या दशकात बर्लिनच्या गुस्टाव्ह रोझेंनी रूढ केलं, ते दगडातल्या काँड्रूल नावाच्या बारीक गोलकांवरून. १९५३ साली युरी आणि क्रेग यांनी जुनी रासायनिक पृथक्करणं चाळली आणि एकूण लोहावरून दोन गट पाडले: जास्त लोहाचा एच, कमी लोहाचा एल. पुढे त्याहूनही कमी धातूचा एलएल वेगळा निघाला. वाळवंटात मात्र धातूवर विसंबणं महागात पडतं. लोह-निकेलचे कण गंजून जातात आणि एच गटाचा दगड डोळ्यांना, चुंबकीय मोजमापालाही, एलसारखा भासतो.

उपाय ऑलिव्हीन या सिलिकेट खनिजात सापडला, कारण ते धातूपेक्षा फार उशिरा सडतं. १९६४ मध्ये कील आणि फ्रेड्रिक्सन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉनचा झोत टाकून रचना मोजणाऱ्या यंत्राने) एकेका कणातलं लोहाचं प्रमाण मोजलं, आणि आजही तेच करतात. दगडाचा ३० मायक्रॉन (०.०३ मिलिमीटर) जाडीचा छेद घासून चकचकीत करायचा, त्यावर कार्बनचा थर द्यायचा आणि भेगा व गंज टाळून बऱ्याच कणांवर नेम धरायचा. फायालाइटचा, म्हणजे ऑलिव्हीनच्या लोहयुक्त घटकाचा वाटा साधारण १६ ते २० टक्के आला तर एच, २२ ते २६ आला तर एल, त्याच्या वर एलएल. सीमेवरच्या आकड्याला पायरॉक्सीन या दुसऱ्या सिलिकेट खनिजाची साक्ष काढावी लागते. कणाकणांत आकडे फार फिरले, तर दगड ३ प्रकारचा, म्हणजे फारसा न तापलेला.

हा ३ किंवा ६, म्हणजे दगड किती तापला याची पायरी, व्हॅन श्मुस आणि वूड यांच्या १९६७च्या मांडणीतला. ६ मध्ये काँड्रूल पुसट होतात आणि फेल्डस्पार या खनिजाचे कण ५० मायक्रॉनहून मोठे दिसतात.

‘एस’ म्हणजे अंतराळातल्या टकरीचा मार. श्टोफ्लर, कील आणि स्कॉट यांनी त्याच्या पायऱ्या १९९१ साली ठरवल्या. ऑलिव्हीनमध्ये समांतर सपाट भेगा दिसल्या की एस३. पण एखादा तुटका कण पुरत नाही, निदान चौथाई कणांत खूण हवी.

शेवटचा ‘डब्ल्यू’, म्हणजे पृथ्वीवर आल्यावर दगड किती गंजला याची पायरी, व्लोत्स्कांचा, १९९३ मधला. धातू आणि ट्रॉयलाइट (लोहाचं सल्फाइड) २० ते ६० टक्के गंजले की डब्ल्यू२, ९५च्या वर गेले की डब्ल्यू४, आणि डब्ल्यू५ पासून सिलिकेट खनिजंही बदलू लागतात. हे परावर्तित प्रकाशात पाहतात. २२ मे २०१२ ला नागपूरजवळ काटोलला पडलेल्या एल६ अशनीसारखे ताजे तुकडे लगेच उचलले तर हा प्रश्न फारसा येत नाही. मात्र मुंबईच्या पावसाळी हवेत पाण्याखाली कापलेला काप भराभर तांबूस होतो. म्हणून कापताना अल्कोहोल वापरावं, काप सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवावा.

अधिकृत नावासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांतलं जे कमी ते, मान्य संग्रहात जमा करावं लागतं. वायव्य आफ्रिकेतून बाजारात आलेल्या, नेमकी जागा माहीत नसलेल्या दगडांना नुसता ‘एनडब्ल्यूए’ आणि क्रमांक मिळतो.