मोटरहोममागे मोटार ओढून नेणे

मोटरहोममागे मोटार ओढून नेणे : राहण्याची सोय असलेल्या मोठ्या वाहनाच्या, म्हणजे मोटरहोमच्या मागे रोजच्या वापराची छोटी मोटार जोडून ती प्रवासभर सोबत नेण्याची पद्धत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथे ती विशेष रूढ आहे. ब्रिटनमध्येही काही प्रमाणात आढळते. मोठ्या नौकेमागे बांधलेल्या होडीला डिंगी म्हणतात, त्यावरून अमेरिकेत अशा मोटारीलाही डिंगी हे नाव पडले; शिवाय ‘ओढलेली’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी उच्चार जुळतो म्हणून तिला ‘टोड’, म्हणजे बेडूक, असेही लाडाने म्हणतात. मराठीत बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून नेण्याला ‘टोचन’ हा शब्द गॅरेजवाल्यांपासून ट्रकचालकांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. टोचन ही मात्र अडचणीच्या वेळची, थोड्या अंतराची आणि सावकाश चालीची सोय असते, तर येथे धडधाकट मोटार महामार्गाच्या वेगाने हजारो मैल ओढायची असते, आणि या प्रकारातला बहुतेक खर्च या एका फरकातून उद्भवतो.

मोटरहोम एकदा तळावर उभे करून वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या नळ्या जोडल्या की दूध-भाजी आणायलाही ते हलवणे जिवावर येते. सगळे सामान बांधून, नळ्या काढून, घरासकट दुकानात जावे लागते. काही ठिकाणी तर मोठ्या वाहनाला प्रवेशच नसतो. माँटॅनातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात गोइंग-टू-द-सन या प्रसिद्ध घाटरस्त्याच्या मधल्या, डोंगरकड्याला बिलगून जाणाऱ्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहन नेता येत नाही. मोटरहोमची लांबी सर्वसाधारणपणे २० ते ४५ फूट असल्यामुळे ज्या दृश्यासाठी इतका प्रवास केला ते पाहायला छोटी मोटार लागतेच. ती सोबत न्यायची नसेल तर मुक्कामी भाड्याने घेणे, किंवा जोडीदाराने दुसरी गाडी चालवत मागोमाग येणे, असे दोन पर्याय उरतात.

वजनाचे गणित. साधने विकत घेण्याआधी मोटरहोम किती वजन ओढू शकते हे पाहावे लागते, आणि नेमकी येथेच सर्वांत जास्त फसगत होते. मागच्या हिचवर, म्हणजे ओढणीच्या खोबणीवर, ‘५,००० पौंड’ असा आकडा लिहिलेला असतो आणि मालक तोच प्रमाण मानतो. प्रत्यक्षात चासी, म्हणजे वाहनाचा मूळ सांगाडा, बनवणारी कंपनी दोन मर्यादा ठरवून देते : एक, सामान, पाणी, इंधन आणि माणसे धरून खुद्द मोटरहोमचे कमाल वजन, दुसरी, मोटरहोम आणि तिच्यामागचे सर्व काही मिळून होणारे कमाल एकत्रित वजन. मोटरहोम पूर्ण भरलेली असताना या दोन आकड्यांतील फरक आणि हिचचा आकडा यांपैकी जो लहान, तेवढेच वजन ओढता येते.

मर्सिडीजच्या स्प्रिंटर ३५०० चासीवरील मोटरहोमचे उदाहरण घेऊ. तिची पहिली मर्यादा ११,०३० पौंड आणि एकत्रित मर्यादा १५,२५० पौंड आहे. फरक ४,२२० पौंडांचा, म्हणजे सुमारे १,९१४ किलोग्रॅमचा. हिचवर ५,००० लिहिले असले तरी भरलेल्या गाडीला तेवढे ओढण्याचा अधिकार नाही. चार दरवाजांची जीप रँग्लर बहुतेक रूपांत या मर्यादेच्या काठावर किंवा तिच्या पलीकडे जाते. सुमारे ६०० पौंडांची डॉली, म्हणजे मोटारीची पुढची चाके चढवायचा लहान गाडा, वापरली तर मोटारीसाठी ३,६०० पौंड उरतात, आणि अख्खी मोटार वाहून नेणारा १,८०० पौंडांचा ट्रेलर घेतला तर अवघे २,४०० उरतात, ज्यात आजच्या अमेरिकी बाजारातली क्वचितच एखादी मोटार बसेल. याउलट फोर्डच्या ई-४५० चासीवर हे आकडे अनुक्रमे १४,५०० आणि २२,००० पौंड असल्याने ७,५०० पौंडांचा फरक मिळतो; तेथे बहुधा हिचच आधी आड येते. मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये १०,००० पौंड आणि त्याहून अधिक क्षमता असते. तेव्हा कोणती पद्धत निवडायची हा पुष्कळदा आवडीचा प्रश्न राहतच नाही. वजाबाकी करताच तो सुटलेला असतो.

चारही चाकांवर ओढणे. ही सर्वांत लोकप्रिय पद्धत होय. मोटारीच्या पुढच्या भागात, बंपरच्या आत, चासीला बोल्टने घट्ट बसवलेली बेस प्लेट असते. मोटरहोमच्या हिचमध्ये इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा, सरकत्या बाहूंचा टो बार बसवतात आणि त्याचे दोन बाहू बेस प्लेटला खिळींनी जोडतात. जोडल्यावर मोटार स्वतःच्या चारही चाकांवर मागून येते आणि मुक्कामी काही मिनिटांत सुटी करता येते.

सोय जितकी मोठी, तितकी अट कडक : मोटार अशा रीतीने ओढण्यायोग्यच असावी लागते. नेहमीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकांबरोबर गिअरबॉक्सचे काही भाग फिरत राहतात, पण त्यांना तेल मिळत नाही. ते तापतात आणि काही मैलांत निकामी होऊ शकतात. गिअर न्यूट्रलला टाकल्याने हे टळते असा समज सर्रास आढळतो, तो बहुतेक गाड्यांबाबत चुकीचा आहे. रँग्लरसारख्या चारचाकी चालनाच्या गाडीत ट्रान्सफर केसलाच, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या पेटीलाच, न्यूट्रल असते; ते लावले की चाके आणि गिअरबॉक्स यांचा संबंध पूर्णपणे तुटतो, म्हणूनच मोटरहोमांच्या मागे ही गाडी इतकी दिसते. हाताने गिअर बदलायच्या अनेक मोटारी चालतात, पण सगळ्या नाहीत. विजेवर चालणाऱ्या गाड्यांपैकी टेस्लाच्या मोटारी चाके जमिनीवर ठेवून ओढण्यास कंपनीने मनाई केली आहे. अंतिम शब्द गाडीसोबत मिळणाऱ्या मालक-पुस्तिकेचा, आणि तोही त्याच वर्षाच्या, त्याच गिअरबॉक्सच्या पुस्तिकेचा. होंडा सीआर-व्ही हे याचे बोलके उदाहरण : २०१४ पर्यंतची गाडी डिंगी म्हणून नावाजलेली होती, २०१५ मध्ये अमेरिकेत तिला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला स्वयंचलित, गिअरबॉक्स आला आणि कंपनीची परवानगी संपली. बाहेरून दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच दिसतात.

जुन्या सीआर-व्हीची तयारी पाहिली म्हणजे या कामाला किती शिस्त लागते ते कळते. दररोज निघण्यापूर्वी इंजिन सुरू करायचे, गिअर ‘डी’मध्ये टाकून पाच सेकंद थांबायचे, मग न्यूट्रलमध्ये आणून इंजिन तीन मिनिटे चालू ठेवायचे म्हणजे तेल सर्वत्र पोहोचते; नंतर इंजिन बंद करून किल्ली अशा खाचेत ठेवायची की स्टिअरिंग कुलूपबंद होणार नाही, आणि हँडब्रेक सोडायचा. ताशी ६५ मैलांच्या वर जायचे नाही. किल्ली त्या खाचेत राहिल्याने बॅटरी हळूहळू उतरते, म्हणून कोणी ठरावीक फ्यूज काढून ठेवतात, तर कोणी मोटरहोममधून बॅटरीला चार्जिंगची तार देतात. त्यानंतर टो बारखालून एकमेकींना छेदून जाणाऱ्या दोन साखळ्या अडकवायच्या, दिव्यांची केबल जोडायची, आणि एकाने मागे उभे राहून ब्रेकचे व वळणाचे दिवे लागतात का ते पाहायचे. टो बार जवळजवळ आडवा असावा लागतो. दोन टोकांच्या उंचीत तीन-चार इंचांहून अधिक फरक असेल तर उतरता किंवा चढता जोडदांडा घ्यावा लागतो, नाहीतर जोरात ब्रेक लावताच मोटार मोटरहोमच्या मागच्या भागाखाली घुसू पाहते.

या जोडणीत मागे येता येत नाही. पुढे जाताना मोटारीची पुढची चाके दुकानातल्या ट्रॉलीच्या चाकांसारखी ओढीच्या दिशेने आपोआप वळतात. मागे ढकलले की तीच चाके एका बाजूला पूर्ण वळून अडकतात आणि टो बार वाकतो. चुकून बंद गल्लीत किंवा अरुंद पेट्रोल पंपावर शिरल्यास रस्त्यातच मोटार सुटी करण्यावाचून इलाज नसतो. अनुभवी चालक पंपावर शिरण्यापूर्वी बाहेर पडायची वाट आधी हेरतात.

ब्रेक. मोटरहोमचे ब्रेक स्वतःचे वजन थांबवण्यासाठी असतात; मागे दीड-दोन टनांची मोटार आली की उताराच्या रस्त्यावर त्यांच्यावर ताण येतो. चासी बनवणाऱ्या कंपन्या साधारण १,००० ते १,५०० पौंडांच्या पुढे मागच्या वाहनाला स्वतंत्र ब्रेक असावेत असे सांगतात. त्यासाठीच्या साधनांचे दोन प्रकार आहेत. सुटी पेटी चालकाच्या आसनापुढे ठेवून तिचा दांडा ब्रेकच्या पेडलला अडकवतात. मोटरहोमचा वेग कमी होताच ती पेडल दाबते. ती दुसऱ्या गाडीतही वापरता येते, मात्र दर वेळी नीट बसवावी लागते, आणि कमी-जास्त बसली तर पेडल किंचित दाबलेले राहून ब्रेक जळू शकतात. कायमचे बसवलेले साधन मोटरहोमच्या हवेच्या ब्रेकशी किंवा ब्रेकच्या दिव्याच्या संकेताशी जोडलेले असते. एकदा बसवले की रोजची खटपट नाही. दोन्हींसोबत ब्रेकअवे स्विच घेणे आवश्यक आहे : टो बार तुटून मोटार सुटलीच तर या स्विचची तार ताणून खेचली जाते आणि मोटारीचे ब्रेक आपोआप लागतात. या सगळ्या यादीत पैसे वाचवण्याची जागा शोधायचीच असेल तर ती ब्रेक ही नव्हे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. मागच्या आसनावर मुले असलेली दुसऱ्याची गाडी पुढे अचानक थांबते तेव्हा हिशेब डॉलरमध्ये राहत नाही.

डॉली आणि ट्रेलर. डॉली म्हणजे दोन चाकांचा लहान गाडा. मोटारीची पुढची चाके त्यावर चढवून पट्ट्यांनी आवळतात आणि मागची जमिनीवर फिरत राहतात. पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या साध्या मोटारींना ती उत्तम, कारण फिरणाऱ्या चाकांचा गिअरबॉक्सशी संबंध नसतो. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांना सहसा चालत नाही. मोटारीत काहीच फेरफार करावे लागत नाहीत, हा मोठा फायदा आहे. पण तळावर रिकामी डॉली ठेवायला जागा शोधावी लागते, पावसात चिखलात वाकून पट्टे आवळावे लागतात, आणि मागे येणे येथेही शक्य नाही. ट्रेलरवर कोणतीही मोटार चढते, चाके झिजत नाहीत आणि सरावाने मागेही येता येते. वजन आणि लांबी मात्र सर्वांत जास्त.

खर्च. अमेरिकेत अलीकडच्या काळात चांगला टो बार साधारण ९०० ते १,७०० डॉलर, बेस प्लेट ५०० ते ७००, ब्रेकचे साधन १,००० ते १,७००, दिव्यांची वायरिंग १०० ते ४०० आणि बसवण्याची मजुरी ८०० ते १,५०० डॉलर पडते. म्हणजे चारचाकी ओढणीचा पूर्ण संच ३,३०० ते ६,००० डॉलरांच्या घरात जातो. डॉली दीड ते साडेचार हजारांत आणि उघडा ट्रेलर साडेतीन ते सात हजारांत येतो. टो बार पुढच्या गाडीलाही चालतो, बेस प्लेट मात्र त्या-त्या मॉडेलपुरतीच असते. मोटार बदलली की ती आणि तिची मजुरी नव्याने द्यावी लागते, हा खर्च पहिल्या हिशेबात बहुतेक जण धरत नाहीत.

इंधनाची भीती त्या मानाने अवाजवी आहे. गॅलनला ८ मैल जाणारी मोटरहोम मोटार ओढताना साडेसात मैल गेली, असे धरू. ५,००० मैलांना ६२५ ऐवजी सुमारे ६६७ गॅलन लागतील. गॅलनचा दर साडेतीन डॉलर धरल्यास वाढीव खर्च दीडशे डॉलरांच्या आत राहतो. भाड्याच्या मोटारीला दिवसाला ७० डॉलर पडत असतील, तर साडेचार हजारांचा संच सुमारे ६४ दिवसांच्या भाड्याइतका होतो. वर्षातून दोन आठवडे फिरणाऱ्यांना तो वसूल व्हायला चार-पाच वर्षे लागतात, म्हणून त्यांनी भाड्याची मोटारच घ्यावी. निवृत्तीनंतर महिनोन्‌महिने रस्त्यावर राहणाऱ्यांना तो पहिल्याच वर्षी परवडतो. अमेरिकेतील मराठी कुटुंबे सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेतात, त्यांच्यापुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो, कारण भाड्याच्या मोटरहोममागे मोटार जोडण्यास अनेक कंपन्या करारातच मनाई करतात.

कायदा. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात दुसरे वाहन ओढणाऱ्या कोणत्याही वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये ए-फ्रेमवर, म्हणजे ए आकाराच्या टो बारवर, ओढलेली मोटार कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर समजली जाते, त्यामुळे ७५० किलोग्रॅमच्या वर तिला चालू स्थितीतले ब्रेक असावेच लागतात. स्पेनमध्ये मात्र ही पद्धत चालत नाही, आणि ब्रिटनहून तिकडे निघालेल्यांना मोटार ट्रेलरवर न्यावी लागते. भारतात नोंदणीकृत ट्रेलर सोडल्यास दुसरे वाहन ओढण्याची मुभा मुख्यतः बंद पडलेल्या किंवा जुळणी अपुरी असलेल्या वाहनापुरती आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असले, तरी कॅराव्हॅनमागे चालू स्थितीतली मोटार चार चाकांवर ओढत कोकणात उतरण्याची सोय त्यामुळे झालेली नाही; मुक्कामी पोहोचल्यावर तेथे रिक्षा किंवा भाड्याची दुचाकीच कामी येते.