लिली म्हणून आलेली आयरिस

गच्चीवरच्या बागेसाठी एकदा ‘आयरिस’ अशी पाटी लावलेली कुंडी आणली. पांढरी-निळी, देखणी फुलं आली. सकाळी उमलायची, संध्याकाळी मान टाकायची. पण फुलं गेल्यावर दांड्याच्या टोकाला चक्क पिल्लू फुटलं. त्याच्या वजनाने दांडा वाकला, शेजारच्या कुंडीत टेकला आणि पिल्लाने तिथेच मूळ धरलं. म्हणजे ही ‘वॉकिंग आयरिस’, अमेरिकेच्या उष्ण भागातली निओमरिका. आयरिसच्या कुळातली खरी, पण आयरिस नव्हे. गंमत अशी की त्याच गच्चीवर मैत्रिणीने दिलेल्या ‘ब्लॅकबेरी लिली’च्या बियांचं रोप वाढत होतं. लिली म्हणून आलेलं ते रोप मात्र अस्सल आयरिस निघालं.

आयरिसच्या सुमारे ३०० जाती आहेत. बहुतेकींना थंडी लागते. पाकळीवर दाढी मिरवणाऱ्या, कॅलेंडरवर दिसणाऱ्या आयरिस पुण्या-मुंबईत लावल्या तर साधारणपणे पानंच देतात. काश्मीरमध्ये कबरींवर लावलेली पांढरी-जांभळी फुलं दिसतात ती याच गोतावळ्यातली. आपल्या हवेत सहज फुलणारी आयरिस दुर्मीळ, म्हणून या ‘लिली’चं अप्रूप.

ओळखायला सुरुवात पानापासून करू. आयरिसची पानं तलवारीसारखी असतात आणि एकाच पातळीत जपानी पंख्यासारखी उघडतात. एक पान बुंध्यापाशी हलकेच सोडवून पाहा. खाली ते मधोमध दुमडलेलं असतं आणि आतल्या पानावर घोड्यावर मांड ठोकावी तसं बसलेलं असतं. वर गेल्यावर दुमडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून जातात. म्हणजे पानाच्या दोन्ही अंगांना आपल्याला दिसते ती त्याची पाठच. पोट आत मिटून गेलेलं.

पण पंखा दिसला म्हणून लगेच आयरिस म्हणू नका. निओमरिकाचाही पंखाच असतो. बाळगुटीतल्या वेखंडाची पानंही अशीच दिसतात, पण ती चुरगळली की तो ओळखीचा उग्र वास येतो. या साम्याने जुने वनस्पतिशास्त्रज्ञही चकले होते. युरोपातल्या पाणथळीतल्या पिवळ्या आयरिसला वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये ‘आयरिस स्यूडॅकोरस’ असं नाव दिलं. अकोरस म्हणजे वेखंड, तेव्हा हा झाला ‘खोटा वेखंड’. (ही जात घरच्या तळ्यासाठी कोणी देऊ केली तर मी तरी घेणार नाही. ओढ्यात सुटली की ती आवरत नाही, हे अनेक देशांना महागात पडलंय.)

खरी ओळख फुलात. बाहेरच्या तीन पाकळ्या खाली झुकलेल्या, आतल्या तीन बहुधा उभ्या. यांच्याखेरीज मधोमध आणखी तीन पाकळ्या असल्यासारखं वाटतं. त्या पाकळ्या नव्हेतच, ते फुलाचं स्त्री-अंग. त्याची प्रत्येक फांदी चपटी, रंगीत होऊन खालच्या पाकळीवर छपरासारखी वाकते. पाकळी आणि छप्पर यांच्यामध्ये बोगदा तयार होतो. मधमाशी आत शिरते तेव्हा छपराच्या कडेचा छोटा पडदा तिच्या पाठीवरचा, दुसऱ्या फुलातला पराग खरवडून घेतो. आत गेल्यावर वरच्या पुंकेसराचा नवा पराग पाठीला लागतो. बाहेर पडताना मात्र पडद्याची कोरडी बाजू तिला घासते, त्यामुळे फुलाचा पराग त्याच्याच पदरात पडत नाही. असे तीन बोगदे, म्हणून मधमाशीच्या हिशोबी एका फुलात तीन फुलं.

आफ्रिकेतली डाएटीस या परीक्षेतही पास होते, छपरासकट. तिला पकडायचं तर पाकळ्यांचा तळ पाहावा. आयरिसच्या सहाही पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असते. डाएटीसच्या पाकळ्या सुट्या असतात.

आता आमच्या लिलीला या कसोट्या लावू. सहा नारिंगी पाकळ्या, जवळपास सारख्या, वर बिबट्यासारखे तांबडे ठिपके. मधे बारीक दांडी, छप्पर नाही, बोगदा नाही. पाकळ्यांची नळी असून नसल्यासारखी. पानांचा पंखा सोडला तर सगळीकडे नापास! म्हणूनच अडीचशे वर्षं हिचा संसार वेगळा होता आणि नाव होतं बेलामकांडा. पुढे हरितलवकांमधला डीएनए तपासला, तर ही थेट आयरिसच्या घोळक्यात, तीही ‘आयरिस डायकोटोमा’च्या शेजारी जाऊन बसली. ही डायकोटोमा जांभळट, तिसऱ्या प्रहरी उमलणारी आणि छप्परवाली आहे. डोळ्यांना फसवणारं हे नातं बागवाल्यांच्या हाती आधीच लागलं होतं. अमेरिकेत केंटकीच्या सॅम्युअल नॉरिस यांनी या दोघींचा संकर करून रंगीबेरंगी रोपं काढली होती. २००५ मध्ये बेलामकांडा अधिकृतपणे आयरिस झाली: आयरिस डोमेस्टिका.

‘डोमेस्टिका’ का? तो लिनियसचा घोळ. एकाच ग्रंथात त्याने ही वनस्पती दोनदा नोंदवली, एकदा ‘चायनेन्सिस’ म्हणून आणि एकदा चक्क ऑर्किडच्या गटात ‘डोमेस्टिकम’ म्हणून. ‘आयरिस चायनेन्सिस’ हे नाव दुसऱ्या जातीने आधीच बळकावलेलं, मग उरलेलं वापरावं लागलं. बेलामकांडा हे जुनं नाव मात्र इथल्या मातीतलं, मूळ मल्याळी. ते युरोपात गेलं ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या, १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला छापलेल्या बारा खंडांच्या ग्रंथातून. त्याच ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीच्या वैद्यांचं, १६७५ चं, देवनागरीत लिहिलेलं, ग्रंथासाठी माहिती पुरवल्याचं कोकणी प्रमाणपत्र आहे. एका कुंडीमागे एवढा इतिहास असतो, आणि नर्सरीवाला पाटी लावतो ‘लिली’.

लावायला ती सोपी. बी सावकाश रुजतं, काही आठवडे कुंडीत हालचाल दिसली नाही तरी माती उकरू नये. भरपूर ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा, एवढ्या दोनच तिच्या अटी. आल्यासारखा आडवा कंद पावसाळ्यात पाणी साचलं की कुजतो, म्हणून मी मातीत जाड वाळू मिसळते आणि कंद फार खोल पुरत नाही. फुलं सहसा दुसऱ्या वर्षी येतात. तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला की सुटा करून लावायचा. चिनी औषधांत हा कंद घशाच्या तक्रारींवर वापरतात, पण घरी असले प्रयोग नकोत, तो विषारी आहे.

फूल एकच दिवस टिकतं. कोमेजताना पाकळ्या पिळलेल्या फडक्यासारख्या गोल गुंडाळतात. ते दांडे छाटू नका. नंतर बोंड तीन फाकांत उलगडतं, फाका मागे वळतात आणि मधे काळ्या चकचकीत बियांचा घोस उभा राहतो, अगदी ब्लॅकबेरीसारखा. यंदा त्यातल्या मूठभर बिया मैत्रिणीला परत दिल्या. पाकिटावर आधी ‘आयरिस’ लिहिलं होतं. मग खोडून ‘लिली’च केलं, नाहीतर हे तिचंच झाड आहे हे तिला कळलं नसतं.