निनावी वाचकमत (मराठवाडा)

वृत्तपत्रात किंवा त्याच्या संकेतस्थळावर बातमीखाली मत मांडणाऱ्या वाचकाने खरे नाव द्यावे, की टोपणनावाने वा निनावी लिहिण्याची मुभा त्याला असावी, याविषयीचा संकेत आणि वाद. व्यवहारात तीन प्रकार आढळतात : खऱ्या नावाची सक्ती, टिकाऊ टोपणनाव, म्हणजे एकाच व्यक्तीने सातत्याने वापरलेले व ज्यामागचा माणूस संपादकाला ठाऊक आहे असे नाव, आणि पूर्ण निनावीपण. चर्चेत बहुधा पहिल्या व तिसऱ्या प्रकाराचीच तुलना होते. मराठवाड्याचा विचार करताना मात्र दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा ठरतो.

पूर्वपीठिका : आधुनिक महाराष्ट्रात टोपणनावाने मत मांडण्याची प्रथा मुंबई-पुण्याकडे प्रथम दिसते. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये इंग्रजी राज्यावर टीका करणारी पत्रे ‘एक हिंदू’ या अर्थाच्या सहीने लिहिली. गोपाळ हरी देशमुख यांची ‘शतपत्रे’ १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने आली. दोन्ही ठिकाणी टोपणनाव भित्रेपणाचे चिन्ह नव्हते. लिहिणाऱ्याच्या पदापेक्षा त्याचा युक्तिवाद वाचला जावा, हा त्याचा परिणाम होता.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर याहून जुना धागा संतांच्या नाममुद्रेत, म्हणजे अभंगात गुंफलेल्या कवीच्या नावात, शोधता येईल. गंगाखेडची जनाबाई ‘नामयाची दासी जनी’ म्हणून स्वतःला दुसऱ्याच्या नावाशी बांधते. पैठणचे एकनाथ ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत गुरूचे नाव आपल्या नावाला जोडतात. मुद्रा म्हणजे लेखकत्वाचा उघड दावा. निनावीपणाच्या ती उलट टोकाला आहे. तरीही नाव लिहिले म्हणजे माणूस निश्चित झाला, असे होत नाही, हे नामदेवांच्या गाथेवरून ध्यानात येते. गाथेत ‘नामा’ आणि ‘विष्णुदास नामा’ या मुद्रांचे अभंग एकत्र आले आहेत. यांपैकी विष्णुदास नामा हा एकनाथकालीन, म्हणजे सोळाव्या शतकाच्या सुमाराचा, वेगळा कवी मानावा, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. प्रत्येक अभंगाची वाटणी मात्र निर्विवाद नाही. खुद्द नामदेवांचे जन्मस्थान हिंगोली जिल्ह्यातील नरसी, की कऱ्हाडजवळचे त्याच नावाशी मिळतेजुळते गाव, हाही वाद जुना आहे. नरसीच्या बाजूने स्थानिक परंपरेचे बळ मोठे आहे. एका नावाखाली अनेक हात लिहू शकतात, एवढा धडा येथून घेता येतो. वाचकपत्रांच्या प्रथेशी याचा थेट दुवा प्रस्तुत नोंदीत मानलेला नाही.

निजामकाळ : खरा आरंभ हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या दशकांत धरावा. ‘औरंगाबाद समाचार’ हे पत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले समजले जाते. लक्ष्मणराव फाटक यांचे ‘निजाम विजय’ हैदराबादेत १९२० च्या सुमारास सुरू झाले. ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध फर्मानाने सभा घेण्यासाठीही सरकारी परवानगी लागे. अशा राजवटीत तक्रार छापून आणण्याची वाट संस्थानाच्या सरहद्दीबाहेरून जाई, आणि मजकूर पाठवणाऱ्याचे नाव उघड होणे म्हणजे नोकरी, शेतजमीन किंवा स्वातंत्र्य गमावणे ठरू शके.

आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते याच कारणाने. संस्थानात त्यावर बंदी आली, तेव्हा ते दुसऱ्या नावाने निघाले. त्या नावावर बंदी आली, तेव्हा तिसऱ्या. लेखकाने टोपणनाव घेण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. वृत्तपत्रानेच वारंवार नाव बदलून वाचकांपर्यंत पोचत राहावे, ही मराठवाड्याच्या पत्रकारितेची खास कमाई होय. त्या अंकांना मजकूर पुरवणाऱ्या गावोगावच्या माणसांचे ऋण मोठे आहे, आणि त्यांतील बहुतेकांची नावे छापली गेली नाहीत म्हणूनच तो मजकूर मिळत राहिला, असे मानण्यास जागा आहे. उघड नावाने लिहिण्याची किंमत काय होती, हे हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबउल्ला खान यांच्या ऑगस्ट १९४८ मधील हत्येने दाखवले. रझाकारांविरुद्ध त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले होते. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्यापुढे शरण आले.

इंग्रजी मुलुखातील व्यवस्था वेगळी होती. १८६७ च्या छापखाना व पुस्तक नोंदणी कायद्याने मुद्रक व प्रकाशक यांची नावे अंकावर छापणे बंधनकारक केले. पत्रलेखकाच्या नावाची अट त्यात नव्हती. जबाबदार माणूस कोण ते ठरलेले असावे, लिहिणारा प्रत्येक जण उघडा पडावा असे नाही, हे तत्त्व यात अनुस्यूत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ : ‘मराठवाडा’ पुढे औरंगाबादला आले आणि अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली १९६८ मध्ये दैनिक झाले. नांदेडची ‘प्रजावाणी’, ‘गोदातीर समाचार’, लातूरचे ‘एकमत’ आणि १९८२ पासून ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती यांमुळे वाचकपत्रांना जिल्ह्यागणिक जागा मिळाली. नाव-पत्ता संपादकाकडे द्यायचा, छापू नये असे वाटल्यास तसे कळवायचे, हा वाचकपत्रांचा रिवाज परिचित आहे.

या रिवाजाचे मोल नामांतराच्या काळात सर्वाधिक होते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यांतील दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत या प्रश्नावर नावगावासह पत्र लिहिणे गावाबाहेरच्या वस्तीत राहणाऱ्याला आणि शहरातल्या प्राध्यापकाला सारखे नव्हते.

आडनाव व जात : खऱ्या नावाच्या सक्तीवरील मुख्य आक्षेप येथेच उभा राहतो. मराठी नावात आडनाव येते आणि आडनावावरून जात हुडकली जाते. तो अंदाज पुष्कळदा चुकतो : जाधव, पवार, चव्हाण, राठोड, गायकवाड यांपैकी अनेक आडनावे एकाहून अधिक समाजांत आहेत. म्हणून ‘गाव कोणतं?’, ‘पाव्हणे कुठले?’ हे पुढचे प्रश्न येतात. आरक्षणावरील बातमीखाली पूर्ण नाव दिसले, की मुद्द्याला उत्तर न देता जातीला उत्तर दिले जाते. असभ्यता घटवण्यासाठी मागितलेले नावच तिचे इंधन होते. बीड जिल्हा पोलिसांनी २०२५ च्या आरंभी कर्मचाऱ्यांच्या नामपट्ट्यांवर आडनाव न लावता केवळ पहिले नाव लावण्याचे ठरवले. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर वाढलेला जातीय ताण ही त्याची पार्श्वभूमी होती. गणवेशातील माणसालाही जे ओझे वाटावे, ते सामान्य वाचकावर लादताना विचार व्हायला हवा.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक तीव्र होतो. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा अनुभव सांगणारीला मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), सासर आणि दवाखाना या तिन्हींचा विचार करून बोलावे लागत होते.

इतरत्रचे प्रयोग : दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पडताळणी सक्तीची केली. अपमानास्पद प्रतिक्रियांत झालेली घट नगण्य निघाली. २०११ मध्ये तेथील एका कंपनीच्या सुमारे साडेतीन कोटी सदस्यांची माहिती चोरीस गेली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तेथील घटना न्यायालयाने हा नियम एकमताने रद्द केला. संशोधनाचा कौल दोन्हीकडे आहे. अमेरिकी वृत्तपत्रांच्या २०१४ मधील एका अभ्यासात निनावी प्रतिक्रियांपैकी सुमारे ५३ टक्के, तर नावासह आलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के असभ्य ठरल्या. उलट एका जर्मन याचिका-संकेतस्थळावरील पाच लाखांहून अधिक प्रतिक्रियांच्या २०१६ मधील अभ्यासात खऱ्या नावाने लिहिणारेच अधिक आक्रमक आढळले. आपला राग न्याय्य आहे असे मानणारा माणूस नाव लपवत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. ‘हफिंग्टन पोस्ट’वरील कोट्यवधी प्रतिक्रियांच्या पाहणीत टिकाऊ टोपणनावाच्या टप्प्यात चर्चेचा दर्जा सर्वांत चांगला दिसला. मराठवाड्यातील परिस्थितीशी हा शेवटचा निष्कर्ष अधिक जुळतो.

कायदा : भारतात वाचकाने खरे नाव द्यावेच, अशी सर्वसाधारण सक्ती नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना ओळख पडताळणीची सोय द्यायला सांगितले. ती घेणे ऐच्छिक आहे. निनावी राहून धमकी देणे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) नुसार अधिक शिक्षेस पात्र आहे. मोबाईल जोडणी ओळखपत्रावरच मिळत असल्याने तपास यंत्रणेला माणूस बहुधा सापडतो; टोपणनाव त्याला झाकते ते शेजाऱ्यापासून, भावकीपासून आणि वरिष्ठापासून. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांवर १९७९ च्या, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांवर १९६७ च्या वर्तणूक नियमांनी शासनावरील जाहीर टीकेबाबत बंधने आहेत. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक वा आरोग्य केंद्रातील परिचारिका यांना स्वतःच्या कामातील उणिवांबद्दल उघड नावाने लिहिता येणे कठीण आहे. जागल्या (गैरप्रकार उघड करणारा) संरक्षण कायदा, २०१४ संमत होऊनही अंमलात आलेला नाही; तोही निनावी तक्रार स्वीकारत नाही. तक्रारदाराचे नाव घेऊन ते गुप्त ठेवण्याची जबाबदारी तो सक्षम अधिकाऱ्यावर टाकतो. वाचकपत्रांच्या जुन्या रिवाजाशी ही तरतूद मिळतीजुळती आहे. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी तो रिवाज स्वीकारायचा, तर घेतलेली नावे जपण्याचे दायित्वही त्यांच्यावर येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला आहे.