भट्टीला सिमेंट किती?

‘सिमेंट जितकं जास्त, तितकी विटांनी बांधलेली पिझ्झाची भट्टी पक्की’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. भिंतीला ते लागू पडतं, म्हणून पटतंही. पण साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे सिमेंटमधला चुना पाणी सोडतो. मग पावसाळ्यात तोच ओल शोषून फुगतो आणि सांधे भुसभुशीत होतात. पिझ्झाच्या भट्टीचा घुमट आतून एवढा सहज तापतो.

तपासायचंय? सिमेंट-वाळूचा महिनाभर जुना, पूर्ण कोरडा तुकडा तासभर निखाऱ्यात पुरा (जरा लांबच थांबा, तुकडा उडू शकतो). मग आठवडाभर दमट जागी ठेवून खिळ्याने खरवडा.

घुमटाच्या विटा जोडायला चिकणमाती १ भाग, चाळलेली वाळू २ ते ३ भाग. सांधा ३-५ मिमी. माती जास्त झाली तर तडे, वाळू जास्त झाली तर सांधा झडतो. खालच्या ओट्याला मात्र सिमेंट खुशाल वापरा.