हिंद स्वराज्य : पुनर्विचार

महात्मा गांधींच्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकाचे अभ्यासकांनी केलेले नवे वाचन. मूळ गुजराती मजकूर गांधींनी १३ ते २२ नोव्हेंबर १९०९ या दहा दिवसांत, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या बोटीवर लिहिला. उजवा हात थकला की डाव्या हाताने. ‘अधिपती’ (म्हणजे संपादक) आणि ‘वाचक’ यांच्या संवादाची ही वीस प्रकरणे. मुंबई सरकारने मार्च १९१० मध्ये पुस्तकावर बंदी घातली. गोखल्यांना ते कच्चे वाटले, नेहरूंना अवास्तव.

यंत्रविरोधाचा जाहीरनामा ठरवून बराच काळ बाजूला ठेवलेले हे पुस्तक १९८० नंतर आशिस नंदी, पार्थ चटर्जी या विचारवंतांनी पाश्चात्य आधुनिकतेची मूलगामी टीका म्हणून पुढे आणले. अभ्यासक अँथनी परेल यांनी संपादित केलेल्या १९९७ च्या आवृत्तीने स्वराज्य म्हणजे आधी स्वतःवरचे राज्य, या अर्थावर भर दिला. मूळ गुजराती शब्दांकडेही लक्ष वळले. तिथे गांधी ज्यावर टीका करतात त्या ‘सिव्हिलायझेशन’साठी ‘सुधारो’ हा शब्द आहे. आगरकरांची ‘सुधारणा’ ऐकत वाढलेला मराठी वाचक या शब्दापाशी अडखळतो. हे अडखळणे फार उपयोगाचे.

सोलापुरात मात्र पुस्तक यंत्राच्या प्रकरणाशीच अडते, आणि अडायलाच हवे. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून हे शहर यंत्रावर पोसले गेले. यंत्र हे महापाप आणि गिरणीतला मजूर गुलाम, असे पुस्तक म्हणते. मे १९३० मध्ये गांधींना अटक झाली तेव्हा हेच गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, पोलिसांच्या हत्या झाल्या, १२ मेपासून मार्शल लॉ (लष्करी कायदा) आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले. ज्यांना पुस्तकाने गुलाम म्हटले, ते स्वराज्यासाठी रस्त्यावर उतरले आणि शहराने एवढी किंमत मोजली. पुस्तकाचा अहिंसेचा आग्रहही त्या दिवसांत इथे कसाला लागला. या दोन्ही गोष्टी पुनर्विचारात फार थोड्या येतात.

आंबेडकरांचा आक्षेप इथे नेमका बसतो: यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. गांधींनीही १९२४ मध्ये आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे सांगून शिलाई मशीनला सूट दिली. हे पुस्तक लिहिले तेव्हा हातमाग किंवा चरखा पाहिल्याचे आठवत नाही, अशी कबुली त्यांच्या आत्मकथेत आहे. सोलापूरच्या पूर्व भागात मागावरच्या धोट्याची ये-जा ऐकत मोठे झालेल्या पद्मशाली (विणकर समाजाच्या) घरातल्या वाचकाने पुस्तक उघडण्याआधी ही कबुली वाचावी.