जर्नलमधला पाच

नवी मुंबईतल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये पाचव्या सेमिस्टरला डोकावलं, तर सॉकेट प्रोग्रामिंगचं, म्हणजे दोन प्रोग्रामना नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायला लावण्याचं, प्रॅक्टिकल साधारण असं दिसतं. स्क्रीनवर दोन खिडक्या, एकीत सर्व्हर, दुसरीत क्लायंट. इकडे 'हॅलो' टाइप केलं की तिकडे उमटतं. मग प्रिंटआउट, जर्नल, सही. या जर्नलांमध्ये एक ओळ सर्रास सारखी सापडते: 'लिसन' फंक्शनला दिलेला ५ हा आकडा. हा पाच कुठून आला, असं ओरलला एक्स्टर्नलने विचारलं की शांतता पसरते. माझ्या वेळी मी "मॅन्युअलमध्ये तसंच होतं" असं उत्तर दिलं होतं. खोटं नव्हतं, पण मार्क मिळाले नाहीत.

तो पाच १९८३ सालचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने त्या वर्षी ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती काढली, आणि सॉकेट नावाची गोष्ट तिच्यातून जगभर गेली. दारात आलेली पण सर्व्हरने अजून आत न घेतलेली कनेक्शन्स एका रांगेत थांबतात. त्या रांगेची कमाल लांबी तिथे पाच ठेवलेली होती. तेव्हाच्या यंत्रांना तेवढी पुरत असे.

१९८३ हे वर्ष या विषयात पुन्हा पुन्हा भेटतं. १ जानेवारीला इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने जुना एनसीपी हा प्रोटोकॉल (संगणकांनी आपसात बोलण्याचे नियम) सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. इकडे महाराष्ट्रात त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. आज नेरुळला असलेल्या रामराव आदिक इन्स्टिट्यूटची स्थापनाही १९८३ चीच. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे, खारघर इथली कॉलेजं नंतरच्या दहा-बारा वर्षांत उभी राहिली. सॉकेट आणि ते शिकवणारी ही कॉलेजं एकाच पिढीतली म्हणायची, ओळख मात्र उशिरा झाली.

बर्कलीला हे काम मिळालं ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेकडून. तिच्या पैशावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये तऱ्हेतऱ्हेची यंत्रं होती, आणि सगळीकडे चालेल अशी एकच प्रणाली तिला हवी होती. टीसीपी/आयपीचा मूळ कोड बीबीएन कंपनीने लिहिला. बर्कलीत बिल जॉय यांनी तो बराचसा नव्याने घडवला. युनिक्समध्ये फाइल उघडायची, वाचायची, लिहायची, बंद करायची असा शिरस्ता. नेटवर्कही तसंच वापरता यावं, अशी कल्पना होती. पण फाइल कोणाची वाट बघत नाही. संभाषणात एकजण थांबतो, दुसरा हाक मारतो, म्हणून बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट, कनेक्ट ही जादा फंक्शनं आली.

मुलांना सगळ्यात छळतो तो पत्त्याच्या स्ट्रक्चरचा कास्ट. इंटरनेटच्या पत्त्याचं 'सॉकॲडर-इन' भरायचं आणि फंक्शनला देताना ते 'सॉकॲडर' असल्याचं भासवायचं, हे कशासाठी? टीसीपी/आयपीच जिंकणार अशी तेव्हा खात्री नव्हती. उद्या दुसरा प्रोटोकॉल आला तरी तीच फंक्शनं चालावीत, म्हणून पत्त्याचा एक सर्वसाधारण साचा ठेवला. आज असं काही करायचं तर 'व्हॉइड पॉइंटर' (कुठल्याही प्रकारच्या डेटाकडे बोट दाखवणारा) वापरतात. तो सी भाषेत प्रमाण झाला १९८९ च्या आन्सी सीमध्ये, सॉकेटनंतर सहा वर्षांनी. एवढंच कारण, पण ते मॅन्युअलमध्ये छापत नाहीत.

दुसरी गंमत बाइट्सच्या क्रमाची. संख्येचा मोठा बाइट आधी पाठवायचा की छोटा, यावरून इतके वाद झाले, की १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी त्यावर एक टिपण लिहिलं आणि दोन्ही पक्षांना गलिव्हरच्या गोष्टीतल्या, अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून लढणाऱ्या लोकांची नावं दिली. नेटवर्कवर मोठा बाइट आधी, असं ठरलं. लॅबमधले पीसी मात्र उलट क्रमाचे. म्हणून पोर्ट नंबर (यंत्रावरच्या प्रोग्रामचा दार-क्रमांक) क्रम बदलून देणाऱ्या 'एचटॉन्स' फंक्शनमधून काढावा लागतो. विसरलात तर ८०८० चा ३६८९५ होतो. क्लायंट आणि सर्व्हर दोघांतही विसरलात तर प्रोग्राम झकास चालतो, कारण दोघं ३६८९५ वरच भेटतात! चूक उघडी पडते ती शेजारच्या मुलाने जावात लिहिलेला क्लायंट जोडायला गेल्यावर.

भारतात हे सगळं आलं ते अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कमधून. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ते सुरू केलं. पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था त्यात होत्या. ही एनसीएसटी पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली, आणि सी-डॅकच्या मुंबई केंद्राचं एक आवार आज खारघरला आहे. अर्नेटवर सुरुवातीला टीसीपी/आयपी आणि त्याचा प्रतिस्पर्धी आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉल-संच ओएसआय असे दोन्ही संसार मांडले होते. १९९५ च्या सुमारास जवळपास सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवरच होऊ लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं.

ओएसआय हरलं, पण अभ्यासक्रमात टिकलं. त्याचे सात थर १९८४ मध्ये प्रमाण झाले, आणि थिअरीच्या पेपराला आजही त्यांची आकृती काढावी लागते. लॅबमध्ये गेलं की सातातले दोन कुठे भेटतच नाहीत. एकाच विषयाचे असे दोन तोंडवळे आहेत: वर्गात ओएसआय, लॅबमध्ये बर्कली. हे विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला सांगून टाकावं, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

नेटवर्क प्रोग्रामिंग हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवता येऊ लागला, त्याचं बरंच श्रेय डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या १९९० च्या 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रामिंग' या पुस्तकाला जातं. तोवर हे ज्ञान मॅन्युअल पानांत आणि जाणत्यांच्या डोक्यात विखुरलेलं होतं. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या 'सी स्कीम'मध्ये मात्र कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सॉकेट प्रोग्रामिंग हा कॉम्प्युटर नेटवर्क लॅबमधल्या प्रयोगांपैकी एक आहे. त्याच्या आजूबाजूला नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं वायरशार्क वगैरे मंडळी असतात. महापे, रबाळे पट्ट्यात डेटा सेंटरं असलेल्या शहरात एवढ्या मोठ्या विषयाला एवढीच जागा, हे मला जरा खटकतं.

त्याच २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.४ कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) 'लिसन'च्या त्या रांगेची मूळ मर्यादा १२८ वरून ४०९६ झाली. जर्नलमध्ये अजून पाचच आहे. अर्थात एकाच पीसीवर, १२७.०.०.१ या पत्त्यावर स्वतःशीच बोलणाऱ्या त्या दोन खिडक्यांना पाचही जास्तच होतात.