इंजिन बे मोकळा करण्यामागची गोष्ट: डायनमोपासून बेल्ट नसलेल्या इंजिनापर्यंत

जुनी सिटी व्हीटेक असो, एस्टीम असो नाहीतर कोणाच्या अंगणात माडाखाली झाकून ठेवलेली कॉन्टेसा, गोव्यात कोणी गाडी मनापासून बनवायला घेतली की इंजिनाचं काम झाल्यावर पुढचा विषय हमखास बे चा, म्हणजे बॉनेटखालच्या इंजिनाच्या जागेचा, निघतो. बॅटरी डिकीत टाकूया, वायरिंग लपवूया, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) खाली घेऊया, पॉवर स्टिअरिंगचा पंप काढूनच टाकूया. फोटो बघून वाटतं ही आत्ताची हौस आहे, पण ह्याच्यामागे जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे आणि तो माहीत असला की काय हलवायचं आणि काय जागेवर ठेवायचं हे ठरवणं बरंच सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

1932 पासून सुरुवात करू. त्या वर्षी फोर्डने फ्लॅटहेड व्ही-एट काढलं, 221 क्युबिक इंच, 65 हॉर्सपॉवर, आणि पहिल्यांदाच साध्या माणसाच्या ऐपतीतल्या गाडीत आठ सिलिंडर आले. त्या इंजिनाच्या तोंडावर सामान तरी किती होतं? वर मधोमध वीज बनवणारा डायनमो, त्याच्याच शाफ्टवर पंखा, आणि दोन वॉटर पंप. संपलं. कॅलिफोर्नियातली पोरं ह्या गाड्या म्यूरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या पात्रात नेऊन पळवायची, 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना काढली. वजन कमी करायला मडगार्ड काढ, बंपर काढ, काच काढ असं चालायचं आणि इंजिनावरचं जे शर्यतीला लागत नाही तेही उतरायचं. तिथे सौंदर्याचा प्रश्नच नव्हता, बेल्टने फिरणारी प्रत्येक वस्तू इंजिनाची थोडी ताकद खाते एवढं साधं गणित होतं.

देखणेपणाचा भाग नंतर आला. 1950 मध्ये ओकलंडला रोडस्टर शो सुरू झाला, तिथे सगळ्यात सुंदर रोडस्टरला बक्षीस मिळायला लागलं आणि मग बॉनेट उघडं ठेवून परीक्षक आत वाकून बघणार म्हटल्यावर क्रोम, पॉलिश, लपवलेल्या वायरी हे सगळं ओघानेच आलं. म्हणजे एकीकडे वेगासाठी सामान उतरवणारे आणि दुसरीकडे दिसण्यासाठी सामान लपवणारे, ह्या दोन वाटा तेव्हापासूनच्या आहेत, आजही गॅरेजमध्ये जो वाद होतो तो ह्या दोघांमधलाच असतो.

आता सामान वाढलं कसं ते बघा. 1951 मध्ये क्रायस्लरने इम्पिरियलमध्ये पॉवर स्टिअरिंग दिलं, एक पंप वाढला. पॅकार्डने एसी 1940 च्या मॉडेललाच देऊन बघितला होता पण 1954 च्या नॅशपासून सगळं युनिट बॉनेटखाली आणि डॅशबोर्डात बसायला लागलं आणि मग एसी हळूहळू पसरला. 1960 च्या व्हॅलियंटमध्ये डायनमो जाऊन अल्टरनेटर आला, हा एक चांगला बदल होता, कारण आयडलिंगलाही चार्जिंग मिळायला लागलं. मग कॅलिफोर्नियात धुराचे कायदे कडक झाले, 1966 च्या मॉडेलपासून तिथल्या बऱ्याच गाड्यांना एक्झॉस्टमध्ये हवा ढकलणारा वेगळा पंप लागला, त्याचा बेल्ट वेगळा, त्याच्या नळ्या वेगळ्या. जनरल मोटर्सचा तेव्हाचा ए-6 कॉम्प्रेसर एकटाच सोळा किलोच्या आसपास. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन व्ही-एटचा पुढचा भाग बघितला तर चतुर्थीत गणपतीवर फळंभाज्या टांगतात त्या माटोळीसारखा गच्च भरलेला दिसतो, तीन-तीन चार-चार व्ही-बेल्ट, प्रत्येकाची वेगळी ॲडजस्टर पट्टी, आणि सगळ्यात आतला बेल्ट तुटला की तो बदलायला बाहेरचे सगळे उतरवायचे.

ह्या सामानाची किंमत कागदावर कशी दिसली त्याचा एक किस्सा मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत 1971 पर्यंत कंपन्या ताकद सांगायच्या ती ग्रॉस, म्हणजे इंजिन टेस्ट स्टँडवर जवळजवळ उघडं ठेवून, गाडीतला एअर क्लीनर-सायलेन्सर आणि बेल्टवरचं सामान न लावता मोजलेली. 1972 पासून नेट, म्हणजे गाडीत जसं बसतं तसं मोजलेली. कॉर्वेटचं एलटी-1 इंजिन 1971 ला 330 हॉर्सपॉवरचं होतं ते 1972 ला 255 चं झालं, आणि हा फरक जवळजवळ सगळा मोजायच्या पद्धतीचा. ह्यात एक्झॉस्टचा वाटा मोठा आहे, सगळं पाप अल्टरनेटरच्या माथी मारू नका, पण ‘पंप काढला की वीस घोडे वाढतात’ असल्या गप्पांचं मूळ त्या काळात आहे.

सामान काढणं आणि सामान हलवणं ह्यातला फरक खरा कळला तो शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक नावाच्या व्ही-एटवर. 1955 मध्ये आलेलं 265 क्युबिक इंचाचं इंजिन, पुढे 350 पर्यंत आणि त्याही वर वाढत गेलं. 1968 पर्यंत त्याचा वॉटर पंप आखूड आणि अल्टरनेटर ड्रायव्हरच्या बाजूला, 1969 पासून कॉर्वेट सोडून बहुतेक गाड्यांना लांब पंप आणि अल्टरनेटर पलीकडच्या बाजूला. जुन्या सिलिंडर हेडना पुढे अल्टरनेटर-पंप धरणारं ब्रॅकेट कसायला आटे पाडलेली भोकंच नव्हती, नव्यांना होती. म्हणजे भंगारातून हेड एका वर्षाचे, पंप दुसऱ्या वर्षाचा, ब्रॅकेट तिसऱ्याच गाडीचं असं आणलं की पुली एका रेषेत येतच नाही. ह्या गोंधळातून ब्रॅकेट बनवून विकणाऱ्यांचा एक आख्खा धंदा उभा राहिला, आधी कापलेल्या पत्र्याची, नंतर सीएनसीवर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढलेली. सान्देनचा 508 सारखा छोटा कॉम्प्रेसर आल्यावर तर काम अजून सोपं झालं, वजन ए-6 च्या निम्म्याहून कमी आणि बसायला जागा थोडी.

मग 1979 ची फोर्ड मस्टँग. एकच रुंद, आतून बारीक खाचांचा बेल्ट, सगळ्या पुलींवरून वळसे घेत जाणारा, आणि ताण धरायला स्प्रिंगचा टेन्शनर. आज आपल्या प्रत्येक गाडीत जो 4पीके, 6पीके लिहिलेला बेल्ट असतो तो ह्याच जातीचा, दोन खाचांमधलं अंतर 3.56 मिमी. एवढ्या बारीक खाचा म्हटल्यावर पुली जरा जरी पुढेमागे झाली तरी बेल्ट चिरचिरतो, कडा उसवतात, आणि शेवटी हायवेवर उडतो. ह्या पद्धतीत बेल्टची सपाट पाठही कामाला लावता येते, आणि पाठीवरून फिरणारी पुली उलटी फिरते. म्हणून असा बेल्ट (ह्यालाच सर्पेंटाइन म्हणतात) लावलेल्या बऱ्याच स्मॉल ब्लॉकना उलट्या फिरणीचा वॉटर पंप असतो. हे न बघता जुना सरळ फिरणारा पंप बसवला तर गाडी तापते आणि माणूस रेडिएटर बदलत बसतो, थर्मोस्टॅट बदलत बसतो, कारण पंप फिरताना तर दिसतोच.

1997 च्या कॉर्वेटमध्ये एलएस1 हे नवं व्ही-एट आलं आणि जगभर लोकांनी ते मिळेल त्या गाडीत घालायला घेतलं, माझदात, बीएमडब्ल्यूत, जुन्या जीपमध्ये. इथे सामान हलवणं हौस राहिली नाही, गरज झाली. कारण ह्या इंजिनाचा एसी कॉम्प्रेसर मूळ जागी खाली एका बाजूला, आणि जुन्या चासीत नेमका तिथेच क्रॉसमेंबर, म्हणजे चासीची आडवी पट्टी. शिवाय एकाच इंजिनाच्या पुढच्या पुलीची तीन अंतरं: कॉर्वेटची सगळ्यात आत, कॅमॅरोची साधारण 19 मिमी पुढे, ट्रकची साधारण 38 मिमी पुढे. ट्रकचं इंजिन स्वस्तात मिळतं, पण त्याचा अल्टरनेटर इतका उंच की कमी उंचीच्या बॉनेटखाली मावत नाही. ठिणगी देणाऱ्या आठ इग्निशन कॉइल व्हॉल्व्ह कव्हरवर बसवलेल्या, त्या कुरूप दिसतात म्हणून लोकांनी फायरवॉलकडे नेल्या. माझं मत विचाराल तर हे सगळ्यात कमी फायद्याचं हलवणं आहे. कंपनीने कॉइल प्लगजवळ ठेवली कारण वायर आखूड राहावी, लांब हाय-टेन्शन वायर म्हणजे जास्त गळती आणि सेन्सरच्या वायरींना जास्त त्रास. टर्बो एक्झॉस्टची धग थेट कॉइलवर येत असेल तर हलवायलाच हवी, ते वेगळं.

आपल्याकडे ही लाट आली ती मात्र अमेरिकन व्ही-एटची नव्हे, होंडाची. नव्वदच्या दशकात आणि नंतर सिव्हिक-इंटेग्रावाल्यांनी वायर टक नावाचा प्रकार रूढ केला, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मडगार्डच्या आतून आणि डॅशबोर्डमागून फिरवायचा, रिकामी भोकं वेल्ड करून भरायची, बे एका रंगात रंगवायचा. होंडाचं नंतरचं के-सिरीज इंजिन जुन्या सिव्हिकमध्ये घालताना पॉवर स्टिअरिंगचा पंप अडतो, तेव्हा त्यांनी 2002 च्या सिव्हिकची (मॉडेल कोड ईपी3) पुलीची मांडणी उचलली, कारण त्या गाडीला मुळातच इलेक्ट्रिक स्टिअरिंग होतं, पंपच नव्हता. मला हे फार आवडतं, जुगाड न करता कंपनीनेच सोडवलेलं उत्तर शोधून आणायचं. आपल्याकडे 2000 च्या सुमाराला सिटीला 1.5 लिटरचं 106 बीएचपीचं व्हीटेक मिळालं आणि होंडा म्हणजे वेग हे समीकरण इथल्या पोरांच्या डोक्यात बसलं, सोबत हे बे चं वेडही आलं.

गोव्यात मात्र ह्या गोष्टींना आपले वेगळे नियम लागतात आणि ते बाहेरचे व्हिडिओ बघून कळत नाहीत. पहिलं म्हणजे एसी. सिव्हिकवाले सर्रास एसी काढून टाकतात. एप्रिल-मे मधल्या आपल्या दमट उकाड्यात ती गाडी घरात उभी राहते, आणि पावसात आतून काचा धुरकटल्या की डिफॉगरला एसीच लागतो. म्हणून कॉम्प्रेसर हलवा, काढू नका.

दुसरं पाणी. जूनपासून रस्त्यावर पाणी साचतं आणि खाली घेतलेला अल्टरनेटर त्या पाण्यात पहिला भिजतो, बेअरिंग आणि ब्रश जातात. दिसायला खालचा अल्टरनेटर छान, रेनफॉरेस्ट चॅलेंजला मात्र उलटं असतं. ही ऑफ-रोड स्पर्धा 2014 पासून भर पावसाळ्यात गोव्यात होत आली आहे आणि तिथे नदीनाल्यात उतरणाऱ्या गाड्यांसाठी अल्टरनेटर, एअर इनटेक, जे जे हवेत किंवा कोरडं हवं ते शक्य तेवढं उंच लागतं. म्हणजे दिसण्यासाठी खाली, चालण्यासाठी वर. रोज वास्को-पणजी करणाऱ्याने चासीच्या तळापासून किती उंचीवर तो बसतोय हे टेप लावून बघावं.

तिसरं खारी हवा, आणि ह्यात बॅटरी सगळ्यात आधी येते. बॅटरी मागे नेणं ही नवी कल्पना नाही, 1959 च्या मिनीची बॅटरी बूटमध्येच होती कारण पुढे आडव्या इंजिनाने जागा खाल्ली होती, 1989 च्या माझदा एमएक्स-5 ची वजनाच्या समतोलासाठी मागे. पण तिथे केबल कंपनीने मोजून दिली. आपल्याकडे डिकीत बॅटरी टाकताना केबल बारीक घेतात. हिशोब सोपा आहे: 35 चौरस मिमीची तांब्याची केबल, 4 मीटर लांब, सेल्फ मारताना 200 ॲम्पियर, तर साधारण 0.4 व्होल्ट केबलमध्येच जातो. ते चालून जातं. निम्म्या चौरस मिमीच्या केबलला 0.8 व्होल्ट, आणि त्यात अर्थिंगचा बोल्ट समुद्राच्या हवेने गंजला की सकाळी सेल्फ नुसता टिक टिक करतो. पॉझिटिव्हला बॅटरीजवळच फ्यूज हवाच, नाहीतर बॉडीला घासलेली केबल म्हणजे आग. आणि साधी लेड-ॲसिड असेल तर चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, बंद डिकीत तो साठता कामा नये, म्हणून सीलबंद एजीएम बॅटरी किंवा बाहेर नळी काढलेला डबा. अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था एनएचआरए तर बॅटरी हलवलेल्या गाडीला बाहेरून बंद करता येणारा मेन स्विच सक्तीचा करते.

आणखी एक, कायदा. मोटर वाहन कायदा 1988 चं कलम 52 आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 ला दिलेला निकाल, दोन्हींचा रोख हाच की आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा पडेल असे बदल चालत नाहीत. इंजिन बदललंत तर आरटीओची मंजुरी आलीच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पीसीव्ही, ईजीआर ह्या धूर आटोक्यात ठेवणाऱ्या भागांना ‘क्लीन लुक’ साठी हात लावू नका, कन्व्हर्टर आपल्याकडे 1995 मध्ये चार महानगरांपासून सुरू झाला तो हवेसाठी.

गंमत म्हणजे इतकी वर्षं हौशी लोक जे करत होते ते आता कंपन्याच करायला लागल्यात. सुझुकीने 1988 मध्ये सर्व्होला इलेक्ट्रिक स्टिअरिंग दिलं, पंप गेला. 2004 पासून बीएमडब्ल्यूच्या एन52 इंजिनाचा वॉटर पंप इलेक्ट्रिक. तिसऱ्या पिढीच्या प्रियसला पुढे एकही बेल्ट नाही. 2017 मध्ये मर्सिडीजचं एम256 आलं, सहा सिलिंडर सरळ रांगेत, 48 व्होल्टवर एसी आणि पाण्याचा पंप, त्यालाही पुढे बेल्ट नाही, आणि त्या मोकळ्या जागेमुळे इंजिनाची लांबी आटोक्यात राहिली. जुन्या गाडीत ह्यातलं लगेच घेण्यासारखं म्हणजे अपघातात गेलेल्या छोट्या हॅचबॅकचं कॉलमवरचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणि स्वतंत्र इलेक्ट्रिक वॉटर पंप. दोन्ही घेतले तर अल्टरनेटर मोठा घ्यावा लागतो, कारण बेल्टवरचं ओझं गेलं तरी काम तेवढंच राहतं आणि आता ते सगळं त्या एकाच्या अंगावर येतं. आधी चालू गाडीत क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावून लाईट, पंखे, एसी सगळं सुरू ठेवून किती ॲम्पियर जातात ते बघा, मग पंपाला हात घाला.